अनावर बालक आणि गृहस्थाचा संयम

गृहस्थाश्रमाला शास्त्रकारांनी इतर तिन्ही आश्रमांचा आधार म्हटले आहे. ब्रह्मचारी, वानप्रस्थ आणि संन्यासी हे गृहस्थाच्या अन्नावर जगतात, हे त्याचे प्रसिद्ध कारण होय. परंतु आणखीही एक कारण आहे. मनुष्याच्या स्वभावाची पहिली घडण गृहस्थाच्या घरातच होते. बहुतेक घरांत ती इतकी सहज होते की, आपण काही विशेष केले असे मातापित्यांना वाटतही नाही. मूल पाहून शिकते, थोडा हट्ट करते, थोडे बोलून घेते आणि हळूहळू मार्गाला लागते.

काही घरांत मात्र असे होत नाही. चार-पाच वर्षांचे मूल असते. ते बुद्धीने मंद नसते. कित्येकदा तल्लखच असते. पण मनाविरुद्ध लहानशी गोष्ट घडली की ते जमिनीवर लोळण घेते, हाती लागेल ते फेकते, आईला चावते, धाकट्या भावंडास ढकलते किंवा स्वतःचेच डोके भिंतीवर आपटते. एखाद्यास कुकरची शिट्टी आणि लग्नातील वाजंत्री सोसत नाही. एखादे क्षणभर एका जागी बसत नाही. एखादे शाळेच्या दाराशी इतके भिते की त्याला ओकारी येते. शेजारी कुजबुजतात, आप्तेष्ट समारंभाचे बोलावणे देताना कचरतात. सासरची मंडळी म्हणतात, आईने लाडावून ठेवले; माहेरची म्हणतात, बापाचा धाक नाही. आई एकटी असताना डोळे पुसते. बाप हात उगारतो आणि मूल झोपल्यावर त्याच्याच उशाशी बसून पश्चात्ताप करतो.

अशा घरातील गृहस्थापुढे धर्माचा खरा प्रश्न उभा असतो. दंड करावा की सोसावे? दोष मुलाचा मानावा, आपला मानावा, की प्रारब्धाचा? आणि ज्या अपत्याविषयी कधीकधी मनात तिटकारा दाटून येतो, त्याच्या संबंधात आपले कर्तव्य कोणते? हे प्रश्न टाळता येण्यासारखे नाहीत, कारण त्यांचे उत्तर रोज सकाळी मूल उठल्यापासून कृतीने द्यावे लागते.

विचाराचा आरंभ एका भेदापासून केला पाहिजे. न करणे आणि करू न शकणे ह्या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण धर्मदृष्ट्या त्यांत मोठे अंतर आहे. मीमांसकांनी कर्माच्या अधिकाराचा विचार करताना सामर्थ्य ही आवश्यक अट मानली. पंगू मनुष्यास विष्णुक्रम घालता येत नाहीत आणि अंधास आज्याचे अवेक्षण करता येत नाही, ही त्यांची ठरलेली उदाहरणे आहेत. जेथे सामर्थ्य नाही तेथे विधी लागू होत नाही, आणि जेथे विधी लागू नाही तेथे तो मोडल्याचा दोषही लागत नाही. वैदिक कर्माविषयी इतकी दक्षता बाळगणारी परंपरा पाच वर्षांच्या मुलाकडून त्याच्या शक्तीबाहेरचा मनोनिग्रह मागेल, हे संभवत नाही.

मनोनिग्रह किती कठीण आहे, ह्याची साक्ष गीतेतच आहे. सहाव्या अध्यायात अर्जुन स्पष्ट सांगतो की, हे मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे. बोलणारा प्रौढ वयाचा महारथी आहे, जितेंद्रिय म्हणून त्याची ख्याती आहे. त्यावर भगवंतांचे उत्तर कोणत्या क्रमाने येते तेही पाहण्यासारखे आहे. ते अर्जुनास दटावत नाहीत. मन आवरण्यास कठीण आहे, हे ते प्रथम मान्य करतात आणि मग अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. अडचण आधी मान्य करणे आणि उपाय नंतर सांगणे, हा जगद्गुरूंचा शिकविण्याचा क्रम आहे. आपल्या घरात तो बहुधा उलटा असतो. आधी उपदेश होतो, मग धाक घातला जातो, आणि मुलाची अडचण कोणती होती हे शेवटपर्यंत कोणी विचारीत नाही.

आधुनिक वैद्यकाचाही ह्या भेदाकडे येण्याचा प्रवास उद्बोधक आहे. इ. स. १९०२ मध्ये लंडन येथे जॉर्ज स्टिल नावाच्या बालवैद्यांनी आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले की, ज्यांची बुद्धी शाबूत होती पण ज्यांना स्वतःला आवरता येत नव्हते. त्यांनी ह्या दोषाला नैतिक संयमाची उणीव म्हटले. पुढे त्या वर्णनातील कित्येक लक्षणे आज ज्याला एडीएचडी किंवा अतिचंचलता म्हणतात त्या अवस्थेची म्हणून ओळखली गेली. इ. स. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नता किंवा ऑटिझम या अवस्थेचे वर्णन केले. नीतीचा दोष समजली गेलेली गोष्ट मेंदूच्या घडणीशी व वाढीशी निगडित आहे, हे क्रमाने कळत गेले. मेंदूच्या पुढच्या ज्या भागात आवेग रोखण्याची शक्ती वसते, त्याची वाढ सर्वच माणसांत सावकाश होते व ती विशीतही चालू राहते. काही मुलांत ती समवयस्कांच्या मागे असते, इतकेच.

ह्याचा अर्थ प्रत्येक हट्ट रोग आहे असा मात्र घेऊ नये. एक ते चार वर्षांच्या मुलाने रडून आकांत करणे हे वयाचेच लक्षण आहे. मुलाला हवे-नको पुष्कळ कळू लागलेले असते आणि सांगण्यास शब्द अपुरे पडत असतात. परंतु आकांत वारंवार व दीर्घकाळ होऊ लागला, मूल स्वतःस किंवा दुसऱ्यास इजा करू लागले, बोलणे मागे राहिले, किंवा चार वर्षांनंतरही घर आणि शाळा दोन्हीकडे निभाव लागेनासा झाला, तर ते आपोआप जाईल म्हणून वाट पाहत बसू नये.

आता पहिला पूर्वपक्ष घेऊ. कोणी म्हणेल, ताडनावाचून मूल सुधारत नाही, असे आपलेच सुभाषित सांगते. पाच वर्षे लाड करावे, दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागताच मित्राप्रमाणे वागवावे, अशा आशयाचा तो श्लोक चाणक्याच्या नावावर प्रसिद्ध आहे. पण ज्यांच्या तोंडी तो नेहमी असतो ते त्याचा पहिला भाग विसरतात. चार वर्षांच्या मुलास मारणारा पिता त्या श्लोकाच्याही विरुद्ध वागत असतो. पुढील वयाविषयी धर्मशास्त्राने मर्यादा घातल्या आहेत. गौतम धर्मसूत्रात शिष्याचे शासन न मारता करावे असा मुख्य नियम आहे. ते शक्यच न झाले तर बारीक दोरी किंवा वेळूची बारीक कांब वापरावी, आणि अन्य कशानेही मारणारा गुरू राजाकडून दंडास पात्र होतो, असे पुढे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही हिताचे अनुशासन अहिंसेने व मधुर वाणीने करावे असे म्हटले आहे. पतंजलीच्या महाभाष्यात ताडनाचा गौरव आढळतो हे खरे. परंतु तेथेही मारणारा हात विषाचा नसावा, अमृताचा असावा, अशी अट आहे. रागाने थरथरणारा हात अमृताचा आहे, असे कोणत्या पित्यास छातीठोकपणे सांगता येईल? जुन्या ग्रंथांनी अपवाद म्हणून जी वाट ठेवली होती, तीही शाळांपुरती कायद्याने बंद झाली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे.

आयुर्वेदाने तर बालकाविषयी याहून कोमल दृष्टी ठेवली. त्याच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे एक स्वतंत्र अंग आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, मूल रडत असता, जेवत नसता किंवा ऐकत नसता त्याला भय दाखविणे बरे नव्हे, आणि राक्षस, पिशाच, पूतना अशांची नावे घेऊन त्याला घाबरवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. सुश्रुतानेही मुलास दरडावू नये, दचकेल म्हणून एकाएकी जागे करू नये, असा निर्देश केला आहे. बागुलबुवाचे आणि पोलिसाचे नाव घेऊन घास भरविणाऱ्या घरांनी हा शास्त्रार्थ मनावर घ्यावा. जे मूल आधीच भित्रे आणि अस्वस्थ आहे, त्याच्या मनात आणखी एक भय घालून त्याला शांती कशी मिळणार?

मग मारावेसे का वाटते? येथे दृष्टी मुलाकडून मातापित्यांकडे वळविली पाहिजे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाची वंशावळ सांगितली आहे. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश आणि त्यातून बुद्धीचा नाश, अशी ती परंपरा आहे. पित्याने आपल्या रागाचा माग ह्या पायऱ्यांनी उलट दिशेने काढावा. लग्नाच्या मांडवात मूल किंचाळले आणि त्याचा हात उठला. त्यापूर्वी कोणती कामना मोडली? चार लोकांत आपले मूल शहाणे दिसावे, ही. ती कामना मुलाच्या हिताची नव्हती. ती आपल्या प्रतिष्ठेची होती. मुलाचे हित पाहणारा मनुष्य आधी त्याला वाजंत्रीपासून दूर नेईल. प्रतिष्ठा पाहणारा तेथेच गप्प बसवू पाहील. प्रत्येक रागाच्या मुळाशी लोकलज्जा असते असे नाही. थकवा असतो, भीती असते, झोप मोडलेली असते. पण मूळ कोणतेही असो, ते बहुधा मोठ्यांच्या मनात सापडते. आणि आवरण्याची शक्ती मुलापेक्षा मोठ्यांत अधिक असल्यामुळे आवरण्याचे कर्तव्यही प्रथम मोठ्यांवर येते.

ह्यावर दुसरा पूर्वपक्ष असा उभा राहतो की, मग मुलाचे सर्वच सोसावे काय? ते जे मागेल ते द्यावे काय? तसे मुळीच नाही. अमेरिकेतील जेरल्ड पॅटर्सन यांनी अनेक कुटुंबांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून १९८२ च्या आपल्या ग्रंथात एक दुष्टचक्र उलगडून दाखविले. आई काही सांगते, मूल ओरडते, ओरडणे असह्य होऊन आई माघार घेते, तेव्हा मूल गप्प होते. त्या क्षणी मूल शिकते की ओरडल्याने काम होते, आणि आई शिकते की माघार घेतल्याने शांतता मिळते. दोघेही एकमेकांस नकळत तेच शिकवीत राहतात. असा लाड वात्सल्य दिसतो, परंतु त्याच्या मुळाशी कंटाळा असतो. गीतेतील भाषेत, कष्टाच्या भयाने कर्तव्य सोडणे हा राजस त्याग होय, आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही.

दंड आणि लाड यांच्यामधली वाट भागवताच्या दशम स्कंधातील यशोदेच्या कथेत दिसते. ही कथा घरोघर सांगितली जाते, पण तिचा आरंभ क्वचितच लक्षात घेतला जातो. यशोदा बालकृष्णास स्तनपान देत असता चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले. बाळ अतृप्त असतानाच त्याला खाली ठेवून ती धावली. त्या रागाने बाळाने दह्याचे भांडे फोडले. व्यासांनी अपराधाच्या आधी त्याचे कारण सांगितले आहे. पुढे यशोदा काठी घेऊन मागे लागते. परंतु मूल भ्याले आहे हे ध्यानात येताच ती काठी टाकून देते. मात्र तेवढ्यावर ती प्रकरण सोडून देत नाही. त्याला उखळीशी बांधू लागते. आजच्या आईने मुलास बांधावे, असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. घ्यावयाचे ते इतकेच की, भय दिसताच तिने काठी टाकली, तरी मर्यादा टाकली नाही. दोरी दरवेळी दोन बोटे कमी पडत होती आणि ती घामाघूम झाली होती, असेही वर्णन आहे. अनावर मुलाच्या आईस हे वर्णन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरा पूर्वपक्ष दोषारोपाचा आहे. काही घरांत आईला दोष देतात, काही घरांत पूर्वजन्मीच्या पापाला. आईला दोष देण्याची चूक विद्वानांनीही केली आहे. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या ग्रंथात मुलांच्या स्वमग्नतेचे खापर मातापित्यांच्या, विशेषतः मातेच्या, कोरडेपणावर फोडले. त्याच्या तीन वर्षे आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी हा समज निराधार असून अवस्थेचे मूळ शरीरात आहे, असे प्रतिपादले होते. रिमलँड स्वतः तशा एका मुलाचे पिता होते. पुढील संशोधनाने रिमलँड यांचीच बाजू धरली; परंतु तोपर्यंत असंख्य माता स्वतःला अपराधी मानून झुरल्या. आपल्या घरांतील सुनेवर तोच अन्याय कोणत्याही ग्रंथावाचून होत असतो. पूर्वकर्माविषयी म्हणाल, तर कर्मसिद्धांत मानणाऱ्या चरकानेच विमानस्थानात सांगितले आहे की, दैव दुर्बल असेल तर पुरुषप्रयत्न त्यावर मात करतो. आणि सर्व आधीच ठरलेले असते तर औषधास काही अर्थच उरला नसता. अदृष्ट कारण कोणाच्या हाती नाही, दृष्ट उपाय हाती आहे. अदृष्टाचे निमित्त करून दृष्ट उपाय सोडणे म्हणजे श्रद्धेच्या नावाखाली आळस होय.

एक प्रश्न फार नाजूक आहे, म्हणून तो बहुधा कोणी उघड विचारीत नाही. एखाद्या दिवशी आईच्या मनात येते, हे मूल नसते तर बरे झाले असते. मग ती स्वतःच्या मनाला भिते. येथे शास्त्राची दृष्टी धीर देणारी आहे. मनात वृत्ती उठणे आणि त्या वृत्तीच्या अधीन होऊन कर्म करणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. इंद्रियांच्या ठायी राग आणि द्वेष वसतातच. त्यांच्या ताब्यात जाऊ नये, एवढेच गीता तिसऱ्या अध्यायात सांगते. ज्या आईने तिटकारा वाटत असतानाही मुलाच्या तोंडी शांतपणे घास दिला, तिने कर्तव्यात उणे ठेवले नाही. असे विचार वारंवार येऊ लागले, झोप व अन्न तुटले, तर तिलाही वैद्यकीय साहाय्याची गरज आहे, आणि ते मिळवून देणे हे घरातील इतरांचे कर्तव्य आहे.

आता गृहस्थांनी प्रत्यक्ष काय करावे, ते थोडक्यात पाहू.

(१) प्रथम परीक्षा करवावी. कमी ऐकू येणारे मूल हट्टी भासते, म्हणून कानांची तपासणी आधी व्हावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासातील अडचणींची तपासणी अंतर्भूत आहे. मनःस्वास्थ्याविषयी सल्ला हवा असल्यास २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सर्व देशासाठी आहे. स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता ह्यांना २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात स्थान आहे. ती लपविण्याची गोष्ट नव्हे.

(२) औषध की शिकवण, असा घोळ मनात असू नये. सहा वर्षांखालील अतिचंचल मुलांच्या बाबतीत मातापित्यांनीच वागणुकीचे शिक्षण घ्यावे व औषधाचा विचार त्यानंतर करावा, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ व २०१९ च्या मार्गदर्शिकांत सांगितले आहे. तथापि वैद्याने औषध दिले असेल, तर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते बंद करू नये.

(३) दिनचर्या नियमित ठेवावी. तीन-चार वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तासांची झोप हवी आणि पडद्यासमोर एका तासाहून अधिक बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. जेवण, स्नान, खेळ आणि सायंकाळचा दिवा यांच्या वेळा ठरलेल्या असल्या की पुढे काय येणार हे मुलास कळते, आणि कळल्याने भय कमी होते.

(४) आकांताच्या वेळी उपदेश करू नये. त्या क्षणी मुलास शब्द पोहोचत नाहीत. इजा होणार नाही असे पाहावे, जवळ राहावे, आवाज खाली ठेवावा. शिकवावयाचे ते मन निवल्यावर थोड्या शब्दांत शिकवावे.

(५) नियम थोडे असावेत, पण ते आई, वडील, आजी, आजोबा सर्वांनी सारखे पाळावेत. एकाने नाकारलेले दुसऱ्याने लपून दिले, तर मूल नियम न शिकता फट शोधावयास शिकते.

(६) चांगले वागणे दिसताच त्याचा उच्चार करावा. दिवसभरात मूल एकदाच शांतपणे बसले असेल, तर त्या एका वेळेची दखल घ्यावी.

(७) आईस रोज थोडी विश्रांती मिळेल अशी व्यवस्था घरातील इतरांनी करावी. शहाण्या भावंडाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. त्याचे शहाणपण हा त्याचा अपराध ठरू नये.

(८) राग अनावर झाला तर मुलास दुसऱ्याच्या स्वाधीन करून त्या जागेवरून दूर व्हावे. आणि हात उचललाच गेला, तर मुलाजवळ चूक कबूल करावी. त्याने पित्याचा मान कमी होत नाही. चूक झाल्यावर काय करावे, हे मूल त्यातून पाहून शिकते.

हे सर्व केल्यावर फळ कधी मिळेल, असा प्रश्न राहतो. काही मुले दोन-तीन वर्षांत निवळतात. काहींची अडचण रूप बदलून पुढे चालते, आणि काहींना जन्मभर कोणाच्या तरी आधाराची गरज लागते. कोणते मूल कोणत्या मार्गाने जाईल हे आरंभी कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच कर्तव्याला फळाशी बांधून न ठेवण्याचा गीतेचा उपदेश ह्या घरांत जितका उपयोगी पडतो तितका क्वचितच अन्यत्र पडत असेल. निष्कामतेचा अर्थ मुलाच्या सुधारण्याविषयी उदासीन राहणे असा नव्हे. सुधारणा दिसली तरच प्रेम करीन, अशी अट न घालणे, असा तिचा येथे अर्थ आहे. अट घातलेले प्रेम मुलास लगेच ओळखू येते.

आज काल्यापेक्षा आकांत एकदा कमी झाला, उद्या पुन्हा वाढला, तरी ठरल्या वेळी ठरलेला घास, ठरलेला शब्द आणि ठरलेली मर्यादा चालू ठेवावी. अभ्यास म्हणतात तो हाच. अर्जुनाला सांगितलेला हा उपाय मुलाकडून करून घेण्याच्या आधी मातापित्यांनी स्वतः आचरावयाचा आहे. त्यांचे स्थिर मन हेच कित्येक वर्षे मुलाचे उसने मन असते. त्याच्या आधाराने त्याचे स्वतःचे मन हळूहळू उभे राहावे, अशी प्रार्थना करीत प्रत्येक गृहस्थाने आपला आजचा दिवस शांतपणे पार पाडावा.